मोजणीला माणसे हवीत : रस्ता सुरक्षा समितीचे आवाहन

सस्नेह नमस्कार, वि. वि.

हे पत्र खरे तर गेल्या महिन्यातच तुमच्या हाती पडायला हवे होते. कार्यकारिणीत मजकूर ठरला, मग वार्षिक हिशेब आडवे आले, मग खजिनदारांच्या गुडघ्याचे ऑपरेशन. आता रस्त्यावरचे वेग आणि थोडक्यात चुकलेल्या धडका मोजायचा रविवार तोंडावर आला आहे आणि मी रात्री साडेअकराला हे खरडते आहे. कुणाचा उल्लेख राहिला, एखादा शब्द वाकडा गेला, तर सांभाळून घ्या.

समितीची ओळख नव्याने करून देत नाही. शाळेच्या फाटकासमोरचे पांढरे पट्टे आमचे. वळणावरचा बहिर्गोल आरसा आमचा. ‘या लोकांना दुसरे उद्योग नाहीत’ हे वाक्यही आमच्यासाठीच राखून ठेवलेले आहे.

रस्त्यावर कोण कुठे पडले-धडकले त्याच्या वहीबद्दल मात्र सांगायलाच हवे, कारण सगळी मागणी तिच्यासाठी आहे. मोठ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड हिशेबाची वही आणली, जमा-खर्चाचे रकाने खोडले आणि त्यांच्या जागी लिहिले : वार, वेळ, उजेड, रस्ता ओला की कोरडा, कोण चालत होते, कोण चालवत होते, काय लागले. शेवटचा रकाना ‘कारण’. त्यात ‘नशीब’, ‘वेळ वाईट’, ‘चुकून’ हे शब्द चालणार नाहीत, असा दंडक पहिल्याच पानावर लाल शाईत आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली आपल्या पानांवर ‘अॅक्सिडेंट’ या शब्दाला बंदी घातली. बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते ते या शब्दाने अटळ वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे. मी हे बाईंना कौतुकाने वाचून दाखवले, तर म्हणाल्या, “मग? मुलांनाही मी कधी ‘चुकून झालं’ लिहू दिलं नाही.”

वही निम्मी भरली ती कंपाउंडरकाकांमुळे. पोलिसांकडे नोंद होते ती मोठ्या धडकेची. दुचाकी घसरली, ढोपर फुटले, माणूस पट्टी बांधून घरी गेला, तर कागदावर काहीच उमटत नाही. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. नोंदी अपुऱ्या असतात म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना देशोदेशीचे सरकारी आकडे जसेच्या तसे न घेता स्वतःचे अंदाज काढते, आणि ते बऱ्याच देशांच्या आकड्यांपेक्षा मोठे निघतात. काकांनी मलमपट्टी करता करता नाव न विचारता एवढेच विचारायला सुरुवात केली : कुठे पडलात, किती वाजता? दर शनिवारी शर्टाच्या खिशातून त्या चिठ्ठ्या निघायच्या, कधी कधी त्यांना आयोडीनचे डाग असायचे. त्या डागांसकट त्या वहीत चिकटवलेल्या आहेत. काका आता दवाखान्यात जात नाहीत, डोळ्यांनी फारसे दिसत नाही. तरीही भेटले की पहिला प्रश्न तोच, “वही चालू आहे ना?”

वही काय सांगते ते थोडक्यात. दुपारच्या गर्दीला आपण घाबरतो, पण गर्दीत वाहने रांगतात आणि फार तर आरसे मोडतात. गंभीर नोंदी बहुतेक संध्याकाळच्या आहेत, दिवे लागायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासातल्या, जेव्हा चालकाला वाटते की अजून दिसते आहे आणि चालणाऱ्याला वाटते की आपण दिसतो आहोत. जागाही ठरलेल्या : शाळेचे फाटक, तिठा आणि आरशाचे वळण. आणि एक गोष्ट सांगितली की लोक रागावतात. मोठ्या रस्त्याचे डांबरीकरण व्हावे म्हणून आपण सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांत माझीही होती. ते झाल्यावर खड्ड्यात पडण्याच्या नोंदी थांबल्या, मात्र ज्या नोंदी उरल्या त्यांत ‘काय लागले’ या रकान्यातला मजकूर लांबत गेला. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, पण शाळेचे फाटक होते तिथेच राहिले.

वेगाचे गणित आम्हाला गॅरेजवाल्या भाऊंनी शिकवले. रस्त्याकडेला खडूने ५० मीटरवर दोन खुणा करायच्या. गाडी पहिल्या खुणेवर आली की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. १८० ला त्या सेकंदांनी भागायचे, की ताशी किलोमीटर मिळाले. सहा सेकंद लागले तर ३०, ३.६ सेकंद लागले तर ५०. ना यंत्र लागते, ना परवानगी. अशी शंभर वाचने घेतली की ते वेग चढत्या क्रमाने लावायचे आणि पंचाऐंशीवा पाहायचा, म्हणजे शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो. रस्त्याचा वेग ठरवताना बऱ्याच ठिकाणी अभियंते हाच आकडा धरतात.

आता हे ३० आणि ५० म्हणजे काय? मूल अचानक समोर आले, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर ३० ने येणारी गाडी तेरा-चौदा मीटरमध्ये पूर्ण थांबते. तेवढ्याच अंतरात ५० ने येणाऱ्याचा ब्रेक जेमतेम लागायला सुरुवात झालेली असते, गाडी अजून पन्नासच्याच वेगात. हे भाऊंनी शाळेच्या पटांगणात फक्की मारून दाखवले तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारले होते, “मग मोठी माणसं ५० ने का येतात?” भाऊंनी माझ्याकडे पाहिले, मी बाईंकडे.

सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या धडकेचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, हा आरोग्य संघटनेचा आकडा आम्ही प्रत्येक अर्जात लिहितो. ‘आपल्याकडे कुठे एवढी वाहतूक’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक : २०२१ साली जगात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ता आहे, कुठला आजार नव्हे.

आता थोडे कौतुक, कारण ते वेळच्या वेळी झाले नाही.

रंगारीदादांनी पट्ट्यांसाठी रंग दिला, आणि दिवसा वाहतूक अडते म्हणून रात्री दोन ते पाच या वेळात स्वतः बसून मारला. मजुरी विचारली तर म्हणाले, “माझी पण नात याच फाटकातून आत जाते.” शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शाळेच्या दोन इयत्तांच्या दप्तरांना चमकत्या पट्ट्या शिवून दिल्या. सुई चिकटपट्टीत अडकून मोडायची, तेव्हा त्यांनी पट्टीच्या कडेने आधी दाभणाने भोके पाडायची युक्ती काढली. संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुले हेडलाइटमध्ये लुकलुकत येताना दिसतात, ती या दाभणाची करामत. वळणावर आडवी येणारी फांदी आमच्या दोघा माजी अध्यक्षांनी, एकमेकांशी बोलणे बंद असतानाच्या काळात, एकाने शिडी धरून आणि दुसऱ्याने करवत चालवून उतरवली. वर्गणीदारांची यादी फलकावर आहे. एक देणगी तिच्यात नाही. आरशाची पूर्ण रक्कम ज्या गृहस्थांनी दिली त्यांचा मुलगा त्याच वळणावर गेला. नाव लावायचे नाही, सत्कार नको, फक्त आरसा दर आठवड्याला पुसला जावा एवढी त्यांची अट. तो पुसला जातो. ज्या रविवारी आमच्यापैकी कुणी पोचत नाही त्या रविवारी ते स्वतः पुसून गेलेले असतात, हे आम्हाला उशिरा कळले. शरमही वाटली.

याच आरशावरून एक कबुली. तो बसवल्यानंतरच्या वर्षी वळणावरच्या नोंदी एकदम खाली आल्या. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. बाईंनी अडवले. छोट्या गावात आकडेच लहान, ते आपसूक वरखाली होतात. एखाद्या वाईट वर्षानंतर हाक मारली म्हणून उपाय होतो, आणि पुढचे वर्ष तसेही थोडे बरे गेलेच असते, उपाय केला नसता तरी. श्रेय मात्र उपायाला. ज्या वर्षी आकडा वर जातो त्या वर्षी हेच उलट होते, ‘समितीने काय केले?’ म्हणून विचारणा. म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे एकत्र धरल्याशिवाय बोलायचे नाही, असा नियम केला. पहिल्या वर्षाच्या भरात छापलेल्या आमच्या पत्रकातला ‘आरशाने चमत्कार केला’ हा मथळा माझाच होता. तो मागे घेते.

पण माणूस जायची वाट पाहत वही भरायची का? इथेच नवी मोजणी येते. १९६० च्या दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सच्या संशोधकांनी धडकांऐवजी थोडक्यात चुकलेल्या धडका मोजायची पद्धत काढली, पुढे स्वीडनमध्ये ती बरीच विकसित झाली. करकचून लागलेला ब्रेक, ऐनवेळी बाजूला वळवलेली गाडी, मागे उडी मारलेला माणूस. अशा गोष्टी रोज घडतात, म्हणून कुठे काय बिघडले आहे ते काही दिवसांत दिसू लागते, तीन वर्षे थांबावे लागत नाही. गेल्या वेळी तिठ्यावर आम्ही हे करून पाहिले. बहुतेक खुणा एकाच कोपऱ्याशी जमल्या, जिथे उभ्या केलेल्या गाड्यांआडून माणसे डोके बाहेर काढून पाहतात. अमेरिकेतल्या होबोकेन या लहान शहराने कोपऱ्यांवरच्या उभ्या गाड्या हटवून कोपरे मोकळे केले, त्याच्या जोडीला इतरही उपाय केले. २०१७ च्या जानेवारीनंतर तिथे सात वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांचा मोठा खर्च सोडा. कोपऱ्यापासून चार पावले गाडी मागे लावायला काय लागते? कोपऱ्यावर कायम गाडी कुणाची असते ते मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. लिहीत नाही.

आणि हे लिहू की नको असे करत होते, पण लिहितेच. तिठ्यावर ती शेवटची मोठी धडक झाली त्या संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या आल्या, फलक आले, भाषणे झाली, ‘आता पुरे’ म्हणून घोषणा झाल्या. त्यानंतरच्या रविवारी मोजणीला आम्ही चौघे होतो. चौथे गृहस्थ बसची वाट पाहत होते, आम्ही त्यांच्या हातात घड्याळ दिले. एका कार्यालयात आमचा वेगमर्यादेचा अर्ज तीनदा हरवला. चौथ्यांदा पोच मागितली तर ‘एवढा अविश्वास?’ असे ऐकून घ्यावे लागले. त्याचे काही नाही, सवय आहे. मेणबत्त्यांचे मात्र लागले. ज्यांनी त्या लावल्या त्यांच्यावर राग नाही, त्यांच्यापैकी दहाजण जरी रविवारी आले असते तर तिठ्याचे सगळे कोपरे एकाच वेळी मोजून झाले असते.

तर मागणी अशी. येत्या दोन रविवारी पहाटे साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अशी मोजणी आहे. जागा तीन, प्रत्येक जागी चारजण, दोन पाळ्या, म्हणजे एका रविवारी चोवीस माणसे. आज यादीत नऊ आहेत, त्यांतल्या तिघांची परीक्षा आहे. वय सोळा पुरे, पण अठराच्या आतल्यांनी घरच्यांची चिठ्ठी आणावी. गडद कपडे नकोत, आमच्याकडे चमकती जाकिटे सहाच आहेत. रस्त्यात उतरायचे नाही, कुणाला थांबवायचे नाही, वाद घालायचा नाही, गाडीचा नंबर लिहायचा नाही. उभे राहवत नाही त्यांच्यासाठी तिठ्यावर एक बाक आहे, तिथून चुकलेल्या धडका छान दिसतात. पैसे हवेत ते तिठ्याचे पट्टे पुन्हा मारायला, आणखी जाकिटांना, वळणाच्या कठड्यावरच्या रिफ्लेक्टरना आणि नव्या वहीला. जुनीची तेवीसच पाने उरली आहेत. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय देऊ नये. खाते क्रमांक समितीच्या फलकावर आहे, इथे मुद्दाम देत नाही. रंग, ब्रश, फक्की, शिडी (फक्त शनिवारी रात्री) वस्तुरूपातही चालेल. ज्यांना यातले काहीच जमणार नाही त्यांनी कुठे घसरलात, कुठे वाचलात, तेवढे चिठ्ठीवर जागा आणि वेळ घालून फलकाखालच्या पेटीत टाकावे. नावे यादीत घालायची शेवटची वेळ शुक्रवार संध्याकाळ. उशीर झाला तरी या, यादी मीच करते.

आपली,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : मोबाईलमधले स्टॉपवॉच चालेल, पण बॅटरी भरून आणा. गेल्या वेळी तीन फोन सातच्या आत बंद पडले आणि शेवटची चाळीस वाचने बाईंनी ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणत मोजली. ती वेगळ्या शाईत आहेत, हिशेबात धरलेली नाहीत.