डायनोसॉरच्या पिल्लाचं चित्र दुरुस्त करा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी मुलांच्या पानावर तुम्ही सुरुवातीच्या डायनोसॉरचं चित्र छापलं होतं, आई दोन पायावर उभी आणि मागं पिल्लं पण तशीच दोन पायावर, फक्त साईज बारीक. नातवाने ते कापून कपाटाला चिकटवलंय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

अर्जेंटिनात मुसॉरस म्हणून एक सापडला. नावाचा अर्थ उंदीर-सरडा, कारण आधी हाती लागली ती इवलीशी पिल्लं, १९७९ साली नाव ठेवलं. आणि तोच प्राणी मोठा झाला की हजार किलोच्या पुढं! २०१९ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या वयाचे सांगाडे घेऊन शरीराचा भार कुठं पडतो ते काढलं, तर पिल्लू चार पायावर चालायचं नि शेपूट वाढत गेली तसा भार मागं कमरेकडं सरकून ते दोन पायावर आलं, अगदी आपलं लेकरू आधी रांगतं मग उभं राहतं तसं.

आमच्याकडं सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घेताना जाणता माणूस तोंड उघडून दात बघतो, दोन दाती, चार दाती, जुळलेला, नि वय सांगून मोकळा होतो, कारण दात ठरल्या क्रमानं येतात. या जुन्या डायनोसॉरचं तसं नाही. हाड कापून भिंगाखाली धरलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय कळतं, पण वयाचा नि अंगाचा मेळ बसेलच असं नाही. युरोपातल्या प्लेटिओसॉरस नावाच्या डायनोसॉरमध्ये कुणाची वाढ ५ मीटरच्या आतच थांबलेली तर कुणी १० मीटरपर्यंत गेलेला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचला १९४७ मध्ये सीलोफायसिस नावाच्या डायनोसॉरचे ढीगभर सांगाडे एकाच जागी मिळाले, त्यांच्यावर २०१६ चा अभ्यास आहे, वाढत्या वयात हाडावर उमटणाऱ्या स्नायू चिकटायच्या खुणा नि हाडं जुळणं प्रत्येकात वेगळ्याच क्रमानं, बारका असून हाडानं पक्का आणि थोराड असून कच्चा. म्हणून हाडात फरक दिसला की लगेच जात वेगळी म्हणायची घाई करता येत नाही. डायनोसॉरचेच वंशज असलेल्या आजच्या पक्ष्यांत एवढा फरक उरलेला नाही, हे मला फार नवलाचं वाटतं.

तर चित्रकाराला सांगून मुसॉरसची तीन वयातली चित्रं काढून घ्या, पिल्लू चार पायावरच दाखवा. नातू रोज विचारतोय कुठल्या रविवारी येणार, जुनं चित्र अजून कपाटावरच आहे.

आपला एक वाचक,
होटगी रोड, सोलापूर