गाडी पळतेय की उभी आहे?

महोदय,

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरील ड्रॅग रेसचा (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीचा) आपण छापलेला फोटो पाहिला. गाडी चक्क पार्क केल्यासारखी दिसते! १/२००० सेकंद शटरला चाकांचे आरेसुद्धा गोठतात. १/१२५ वर, गाडीबरोबर कॅमेरा फिरवत टिपलं तर मागचं सगळं पुसट होतं आणि वेग दिसतो. बरेच फोटो वाया जातात, ते चालायचंच. ४०२ मीटरच्या शर्यतीच्या शेवटाकडे मी फिरकतच नाही. तापलेल्या डांबरावरची हवा लहरते, लांब लेन्समधून सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. खरी मजा सुरुवातीला: पिवळे दिवे, मग हिरवा, मागची चाकं दबतात, नाक वर उचलतं. धावपट्टीच्या कठड्याजवळ हौशींना सोडत नाहीत, ते योग्यच. पण प्रेक्षकांच्या जाळीत लेन्सपुरती एखादी खिडकी ठेवायला काय हरकत आहे?

— एक हौशी छायाचित्रकार, तळेगाव दाभाडे