तिसऱ्या दिवशी 'अचानक' काही होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण दगावला की बातमीतलं वाक्य ठरलेलं: 'सुधारत असलेली प्रकृती तिसऱ्या दिवशी अचानक बिघडली, नातेवाइकांचा हलगर्जीचा आरोप.' इंदूरच्या न्यूरो आयसीयूत सिस्टर म्हणून उमेद गेली, तेव्हा हे वाचून राहवत नाही.

मार बसतो तेव्हा मेंदूच्या काही पेशी फुटतात आणि त्यांच्यातली द्रव्यं बाहेर सांडतात. त्यासरशी काही तासांतच मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे रासायनिक निरोप धाडू लागतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल होतो, पाणी झिरपतं, सूज चढत जाते. कवटीला ताणायला जागा नसते. घात होतो तो या पुढच्या दिवसांतच.

हे निरोप मेंदूपुरते राहत नाहीत. इंटरल्युकिन-६ पोचलं की यकृत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारं प्रथिन, बनवायला लागतं. अंगात १०१ ताप, सीआरपी शंभरावर, आणि रिपोर्टचा चुरगळलेला कागद नाचवत रुग्णाचा भाऊ विचारतो, "सिस्टर, कल तो ठीक था, ये इन्फेक्शन यहीं लगा ना?" कधी लागतंही, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया होतो, म्हणून तर जंतू शोधायला कल्चर पाठवतात. पण एकही जंतू नसताना सीआरपी असं चढू शकतं.

मग कुणी ओळखीचा फोनवरून सुचवतो, स्टेरॉइड द्यायला सांगा, सूज उतरेल. पूर्वी बऱ्याच ठिकाणी देतही असत. २००४ मध्ये 'क्रॅश' चाचणीचे निकाल आले: डोक्याला मार लागलेले दहा हजारांवर रुग्ण, मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९. डोक्याच्या मारासाठी ते तेव्हापासून बाद झालं.



डॉक्टरांना पाठीशी घालायचं नाही. जाब विचाराच, पण नेमका: रुग्णालयात आणताना वाटेत ऑक्सिजन घसरला होता का? वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला होता का, आणि किती वेळ? मार लागलेल्या मेंदूला हे दोन्ही सोसत नाही. आपल्या वार्ताहरांनी आरोपाबरोबर एवढं विचारून छापावं, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका,
रामबाग, इंदूर