उंबरा काढला आहे, आई

जांबोटी, वैशाख

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचे बोलून फोन ठेवला, म्हणून लिहीत आहे. ताई, दोघांना जवळ बसवून वाच. आई, पुढच्या दाराचा उंबरा मी काढला आहे. तुला विचारले नाही, कारण तू "काढ" म्हणाली असतीस आणि रात्रभर जागी राहिली असतीस.

अर्धांगवायूनंतर बाबा आता चाकाच्या खुर्चीवर घरी येणार, आणि आपले जोते अंगणापासून दोन फूट उंच आहे. चाकाची खुर्ची एक इंच चढवायची तर एक फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे चोवीस फूट झाले. त्यावर पाच इंचांचा उंबरा म्हणजे आणखी पाच फूट, आणि तो ओलांडल्यावर आत तेवढीच उतरण, जिने अर्धा सोपा खाल्ला असता. गवंड्याने परसदाराकडे बोट दाखवले. तिकडे जमीन चढती असल्यामुळे जोते जेमतेम दहा इंच आहे आणि दहा फुटांत काम उरकते. त्याचा हिशेब बरोबर होता. पण ज्या दारात उभे राहून बाबांनी आल्यागेल्याला "या, बसा" म्हटले, त्या दाराला वळसा घालून त्यांनाच शेणींच्या खोपीजवळून आत न्यायला माझे मन धजले नाही. अंगण सरळ पुरत नसल्यामुळे उतार तुळशीपाशी वळवला आहे. तिथे पाच फुटांचा चौकोन सपाट ठेवला आहे, म्हणजे खुर्ची वळेल आणि ढकलणाऱ्याला दमही खाता येईल. तुळस जागची हलवलेली नाही. शहाबादी फरशी मी घालू दिली नाही, कारण आषाढात तिच्यावर शेवाळ धरते. सिमेंट ओले असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या आहेत आणि दोन्ही कडांना चार बोटे उंच काठ घेतला आहे. हे सारे मृगाआधी वाळायला हवे होते, म्हणूनही घाई केली.

माजघराचे दार सत्तावीस इंचांचे आणि खुर्ची पंचवीस इंचांची, त्यामुळे चाक फिरवताना बाबांच्या उजव्या हाताची बोटे सोलवटली असती. आता ते छत्तीस इंचांचे केले आहे. न्हाणीत आधाराची दांडी बसवताना मात्र फजिती झाली: पहिलाच खिळा ठोकला आणि पाटीभर माती खाली आली. आपल्या भिंती ऊनपावसाला पुरून उरल्या, पण माणसाचा झोक त्या पेलणार नाहीत. शेवटी जमिनीत लोखंडी खांब पुरून दांडी त्यालाच जोडून घेतली. बाबा, कमोड तुम्हाला रुचणार नाही हे मी जाणतो. डाव्या पायात जोर येईपर्यंत तेवढे चालवून घ्यावे. पाण्याचा तांब्याचा बंब तोच आहे, पाण्याला धुराचा वासही तोच राहील. कॉट खुर्चीच्या बैठकीइतकीच, एकोणीस इंच उंच ठेवली आहे, आणि तिची उजवी बाजू मोकळी आहे. खिडकीतून कणकुंबीची बस दिसते.

फणसावरून पडून माझा पाय मोडला, तेव्हा दीड महिना तुम्ही मला पाठीवर बसवून शाळेत नेलेत आणि मला संकोच वाटू नये म्हणून वाटभर पाढे म्हणून घेतलेत. आता खुर्ची मी ढकलेन, एकोणतीसचा पाढा तुम्ही म्हणायचा.

आई, तू त्या पहाटेचा हिशेब अजून मांडत बसतेस, असे ताई म्हणाली. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते हे खरे, पण तो वेळ माणूस धडधाकट दिसला होता तिथून मोजतात. बाबा झोपेतून उठले तेच हात लुळा घेऊन, आणि त्याआधी तू त्यांना पाहिलेस ते रात्री दहाला. तू तेल चोळत बसली नसतीस, तरी ती वेळ टळूनच गेलेली होती. 

आता थोडे कडक लिहितो. बाबांना उठवताना डाव्या हाताला धरून कोणीही ओढायचे नाही, खांदा निखळतो. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. गजर ताईने लावावा, तू नाही. चहा सरळ बसवून घोट-घोट द्यायचा आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. पारव्याच्या रक्ताची मालीश सुचवणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लाव. व्यायाम शिकवणाऱ्या बाई "निधान, निधान", म्हणजे हळू हळू, म्हणतात, तेव्हा बाबांनी त्यांना कानडीत उलट उत्तरे देऊ नयेत. दिलीच तर डावा हात हलवत द्यावीत.

माझे बोलणे लागले असेल तर लहान समजून पोटात घाला. पुण्याची नोकरी सुटलेली नाही. तीन महिने घरून काम करण्याची परवानगी मिळाली आहे, त्यामुळे तो विषय पुन्हा नको.

उंबरा फणसाचा आहे, आतून अजून टणक आहे. पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवला आहे. त्याच्या शिरांत बसलेले तुझे हळदकुंकू मी पुसले नाही. त्याचे काय करायचे ते तू आल्यावर ठरव. तोवर सुताराला हात लावू देणार नाही. कधी निघता ते कळवा, म्हणजे बेळगावला गाडी घेऊन येतो.

आपला,
बाळू