फरी संमेलन : गार खोलीसाठी हात पुढे करा

सस्नेह नमस्कार,

डिसेंबरचा दुसरा रविवार तोंडावर आला, आणि गार खोलीचे पैसे अजून जमलेले नाहीत. म्हणून घाईत लिहितो आहे. नव्यांसाठी : फरी म्हणजे माणसासारखी वागणारी प्राण्यांची पात्रं आवडणारी मंडळी. त्यातले काही जण आपल्या पात्राचा फरचा सूट अंगावर चढवतात, आणि गार खोली ही त्यांची हेड उतरवून दम खायची जागा.

आधी ज्यांचं देणं आहे त्यांचं. पहिल्या वर्षापासून भाडं न घेता पंखे देणारे आपले डेकोरेटर दादा, उरलेलं अस्तर न मागता पाठवणाऱ्या शिवणवर्गाच्या ताई, आणि दुरुस्तीच्या टेबलावर दिवसभर बसून वाकड्या सुईने तुटलेल्या शेपट्यांना टाके घालणाऱ्या आजी. आजींचा टाका अजून एकदाही उसवलेला नाही! दीपप्रज्वलन करणाऱ्या काकूंना मात्र क्षमा मागून सांगतो, यंदा समई विजेची. अ‍ॅक्रिलिकची फर चटकन पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. दरवर्षी खर्च वजा जाता उरलेलं सगळं भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्याला गेलं आहे, हेही विसरू नये.

‘एवढ्याशा मेळाव्याला संमेलन कशाला म्हणता’ असं विचारणाऱ्यांसाठी : 1989 साली कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला पहिलं फरी संमेलन भरलं तेव्हा 65 माणसं होती. अमेरिकेतलंच दुसरं फरी संमेलन, अँथ्रोकॉन, 1997 साली ऑल्बनीत सुरू झालं. 2006 पासून ते पिट्सबर्गला भरतं आणि तिथे हजारो जण जमतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवून नाचणाऱ्याला कोणी खुळा म्हणत नाही. आपल्याच पोरांना का म्हणावं?

आता गार खोली. ही चैन नव्हे. हेडमध्ये, म्हणजे सूटच्या प्राण्याच्या डोक्यात, इंचभर फोम, वरून फर. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवतच नाही. वीस मिनिटांनी हेड उतरवलंच पाहिजे, आणि ते चारचौघांत उतरवायचं नसतं. म्हणून वेगळी, फोटोला बंदी असलेली खोली. तिथे दोन एसी, चार मोठे पेडेस्टल पंखे, पाण्याचे 20 लिटरचे आठ जार, स्ट्रॉ, ओआरएसची 50 पाकिटं, अस्तरावर फवारायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हेड वाळवायला पीव्हीसी पाइपचं स्टँड, ज्यातून पंख्याची हवा थेट हेडच्या आत जाते. हेअर ड्रायर आणू नका, गरम हवेने फरची टोकं गोळा होतात. ओलं हेड पिशवीत कोंबलं की कुबट वास धरतं, तो मग जात नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही नको. ग्लू गनचा गोंद मऊ पडून कान सुटतात.

हॉलचा जनरेटर दिवे-पंखे ओढतो, एसी नाही. वीज गेली की सगळे सूट उतरवावे लागणार. त्यासाठी वेगळा जनरेटर भाड्याने घ्यायचा आहे, आणि खरा खर्च तोच.

पैशांइतकीच माणसं हवीत. सूटमधल्याला डोळ्यांच्या जाळीतून जेमतेम समोरचं दिसतं. पायाखालचं नाही, बाजूचं नाही. म्हणून प्रत्येक सूटमागे एक हँडलर. पायऱ्या उतरवायच्या, शेपूट ओढणाऱ्या लहानग्यांना आवरायचं, घड्याळ बघायचं, आणि ठरलेली खूण दिसली की फोटो थांबवून थेट गार खोलीत न्यायचं. यंदा सूट 22, हँडलर 9. मागच्या आवाहनाला बदामाचे इमोजी भरपूर आले, नावं दोनच आली. खुर्च्या उचलायला शेवटी कोण उरलं होतं, ते ज्याने त्याने आठवावं.

थोडक्यात : वेळ 10 ते 6, हॉल तोच पण तळमजला. हँडलरनी 8 ला यावं, चहा-जेवण समितीचं. 18 वर्षांखालील मुलांसोबत पालक हवेतच. देणगी खजिनदारांकडे, रोख किंवा यूपीआय, पावती मागून घ्या. जनरेटरचा विसार 25 नोव्हेंबरला द्यायचा आहे, त्याआधी. वस्तू आदल्या शनिवारी 5 ते 8. पंख्यांवर नाव लिहा आणि वायर तीन पिनांचीच आणा.

आपला,
सचिव