चंद्रावर भूवैज्ञानिक पाठवा

महोदय,

चंद्रावर पुन्हा माणूस पाठवण्याविषयीच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात मी नेमाने वाचतो. चर्चा असते ती यानाची, खर्चाची आणि अमेरिका आधी पोहोचणार की चीन, याची. तिथे उतरणाऱ्याला दगड ओळखता येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही.

१९६९ ते १९७२ या काळात १२ जण चंद्रावर चालले. त्यांत भूवैज्ञानिक एकच, अमेरिकेच्या अपोलो १७ मोहिमेतला हॅरिसन श्मिट. पुढच्या मोहिमा रद्द झाल्या तेव्हा वैज्ञानिकांनी आग्रह धरला, म्हणून जो एंगल या वैमानिकाच्या जागी त्याची वर्णी लागली. शॉर्टी विवराच्या काठावर, सगळीकडे राखाडी धूळ असताना, श्मिटच्या नजरेने नारिंगी माती टिपली. ते निघाले काचेचे बारीक मणी, सुमारे ३.५ अब्ज वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले! २००८ मध्ये अशाच चांद्रमण्यांत पाण्याचा अंश सापडला आणि चंद्राचे अंतरंग ठणठणीत कोरडे असल्याची समजूत मोडली. सोव्हिएत संघाच्या तीन स्वयंचलित यानांनी मिळून जेमतेम ३०० ग्रॅम माती आणली, अपोलोच्या वीरांनी ३८२ किलो. पण वजनापेक्षा निवड मोलाची. कुठला दगड उचलायचा आणि कुठला सोडायचा, हे जागेवर उभे राहूनच ठरते.

मी भूशास्त्र शिकवत असताना मुलांना लोणारच्या उल्का-विवरावर नेत असे. पहिल्या दिवशी त्यांना सगळा काळा दगडच दिसायचा. काठावर उलटे-तिरपे झालेले बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे थर, उल्केच्या आघाताने वितळून पुन्हा गोठलेला खडक, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि ती वर्गात होत नाही. अपोलोच्या अंतराळवीरांना यासाठीच ॲरिझोनातल्या मीटिओर क्रेटर या उल्का-विवरावर नेले जाई. तिथला खडक वाळूचा आणि चुन्याचा. चंद्रावरचे काळे डाग मात्र बेसॉल्टचे आहेत आणि बेसॉल्टमध्ये झालेली आघात-विवरे पृथ्वीवर मोजकीच. त्यांतले एक, लोणार, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे.

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत आणि पहिल्या उड्डाणांना ते योग्यच. पण चंद्रासाठीच्या तुकडीत किमान एक भूवैज्ञानिक असावा, त्याची निवड आत्ताच व्हावी आणि बाकीच्यांना सरावासाठी लोणारला आणावे, अशी इस्रोला कळकळीची विनंती आहे. आज विशीत असलेली भूशास्त्राची विद्यार्थिनी २०४० मध्ये ऐन उमेदीत असेल. तिच्यासाठी अर्जाचा रस्ता तरी उघडा करा.

— एक निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक, बुलडाणा