महाकाय विषाणू: सैबेरिया झाले, आता पवईही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून ‘झोंबी विषाणू’ बाहेर पडत असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सगळीकडे अधूनमधून झळकतात. बातमीतला विषाणू खरा आहे. फ्रान्सच्या जाँ-मिशेल क्लॅव्हरी आणि शाँताल आबेर्जेल यांच्या गटाने २०१४ साली ३० हजार वर्षांपूर्वीच्या थरातला पिथोव्हायरस हा महाकाय विषाणू पुन्हा जागा केला. मात्र त्यासाठी आमिष म्हणून त्यांनी अमिबाच वापरला होता, त्यामुळे गळाला लागला तोही अमिबाला मारणारा विषाणू, माणसाला नव्हे. हे एक वाक्य बातमीच्या शेवटी तरी असावे.

या विषाणूंची कथा खरे तर गाळणीपासून सुरू होते. १८९२ साली इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून काढला आणि गाळलेला रसही रोग पसरवतो हे दाखवले. तेव्हापासून पार होतो तो विषाणू, अडकतो तो जिवाणू, असा व्यवहार रूढ झाला. पुढे ०.२ मायक्रॉनची गाळणी सर्रास वापरात आली. महाकाय विषाणू आकाराने लहान जिवाणूंएवढे, म्हणून तिच्यात अडकतात. म्हणजे विषाणू शोधणारेच त्यांना वर्षानुवर्षे गाळणीसकट टाकून देत होते!

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाच्या साथीचे मूळ शोधताना टिमोथी रोबोथम यांना कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात गोल कण दिसले. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत होते, जिवाणू ओळखण्यासाठी वापरतात तो ग्रॅमचा रंगही धरत होते. तेव्हा जिवाणू समजून ‘ब्रॅडफर्डकॉकस’ असे नावही पडले. पण जिवाणूची ओळख ज्यावरून पटवतात ते १६ एस आरएनएचे जनुक काही केल्या सापडेना. नमुना फ्रान्समधल्या मार्सेला पोचला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीस त्रिकोणी बाजूंचे कवच दिसले आणि २००३ मध्ये ‘मिमिव्हायरस’ जाहीर झाला.

पुढच्या वर्षी त्याचा जनुकसंच वाचला गेला. सुमारे १२ लाख अक्षरे (म्हणजे जनुकीय संदेशाचे घटक), ९०० हून अधिक जनुके. करोना विषाणूची अक्षरे ३० हजार, आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जिवाणू पाचशेच्या आसपास जनुकांत संसार करतो. शिवाय मिमिव्हायरसमध्ये अमिनो आम्ले टीआरएनएला (प्रथिने बनताना ती आम्ले वाहून आणणाऱ्या रेणूला) जोडणाऱ्या चार विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, जनुके होती. प्रथिने बनवण्याचे काम विषाणू पेशीकडून फुकट करून घेतो, मग हा सरंजाम त्याने बाळगावा कशाला?

लुप्त झालेल्या एखाद्या पेशीचे हे झिजत आलेले वंशज, जीवसृष्टीच्या तीन ज्ञात शाखांपलीकडची चौथी शाखाच, असे काहींनी मांडले. २०१३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर आणि मेलबर्नजवळच्या तळ्यात पँडोराव्हायरस मिळाले. त्या दोघांतल्या मोठ्याचा जनुकसंच सुमारे २५ लाख अक्षरांचा, आणि बहुतेक जनुके कोणाशीच न जुळणारी. साहजिकच या मताला जोर चढला. मला दुसरी बाजू पटते. ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या सांडपाणी केंद्रातून २०१७ मध्ये क्लोस्नॉयव्हायरस पुढे आला. टीआरएनएला जोडणारी तसली विकरे त्याच्याकडे १९ अमिनो आम्लांसाठी होती, पण एकेका जनुकाचे मूळ शोधू जाता ती वेगवेगळ्या यजमानांकडून, वेगवेगळ्या काळी आलेली निघाली. लग्नात आलेल्या भांड्यांवर निरनिराळ्या घरांची नावे कोरलेली असावीत, तसे. म्हणजे लहान विषाणूच जनुके उचलत मोठा झाला. पँडोराची अनाथ जनुके या हिशेबात बसत नाहीत, हे मान्य. ती विषाणूतच नव्याने घडत असावीत, असे क्लॅव्हरींच्या गटाने २०१८ मध्ये सुचवले आहे. जाता जाता, देवीचा विषाणूही वर्गीकरणात याच संघातला (फायलम).

आता मुंबई. आयआयटी मुंबईचे किरण कोंडाबागील आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. तपासलेल्या वीसच्या वीस नमुन्यांत त्यांना महाकाय विषाणू मिळाले. सांडपाणी केंद्राच्या गाळात आणि घरातल्या जलशुद्धी यंत्राच्या पूर्वगाळणीतही त्यांच्या जनुकीय खुणा सापडल्या. मिमिव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरस अशी त्यांपैकी चौघांची नावे आहेत. कुर्ल्याचे नाव विषाणूंच्या यादीत गेले, हे किती कुर्लेकरांना ठाऊक असेल? यावरून पाण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मिमिव्हायरसचा न्यूमोनियाशी संबंध लावून पाहिला गेला, पण तो सिद्ध झालेला नाही.

आपला प्रतिनिधी पवईला पाठवून या संशोधकांची मुलाखत घ्यावी, ही विनंती. त्या वीस नमुन्यांतून निवडलेल्या फक्त चार विषाणूंचे जनुकसंच त्या निबंधात तपासले होते. उरलेल्यांतून पुढे काय निघाले, ते जरूर विचारावे.

आपला,
एक वाचक, भांडुप